मागून घुंघुं आवाज येतो तेव्हा: फोर-बाय-फोरचं डिफरन्शियल, अगदी पहिल्यापासून

जून उजाडला की मोबाइलवर एक व्हिडिओ हमखास येतो. चिखलात रुतलेली फोर-बाय-फोर गाडी, चालक ॲक्सिलरेटर दाबून धरतोय, पुढचं एक आणि मागचं एक चाक गरागरा फिरतंय, आणि उरलेली दोन ढिम्म. बघणारा विचारतोच, "चारही चाकांना ताकद मिळते म्हणता, मग दोनच का फिरतात?" प्रश्न रास्त आहे. 2020 च्या ऑक्टोबरात नवी थार आली, 2023 मध्ये जिम्नी आली, आणि ज्या घरांत कधी जुनी जीपही नव्हती तिथे फोर-बाय-फोर दारात उभी राहिली. पण तिच्या पोटाखाली दोन्ही चाकांच्या मधोमध जो भोपळ्याएवढा लोखंडी गोळा दिसतो, तो काय करतो हे फारसं कुणी समजावून सांगितलं नाही.

त्या गोळ्यात डिफरन्शियल असतं. ते सांभाळलं तर गाडीच्या आयुष्यभर चालतं, आणि बिघडलं की त्याचं निदान चुकण्याचं प्रमाण फार. आमच्या दादाच्या जुन्या जीपचंच घ्या. भोरच्या पलीकडे हिर्डोशी खोऱ्यात त्याचं कामानिमित्त जाणं-येणं असतं. मागच्या पावसाळ्यात ओढे ओलांडून झाले आणि गणपतीच्या सुमारास मागून बारीक घुंघुं सुरू झालं. एका गॅरेजात प्रोपेलर शाफ्टचे, म्हणजे ताकद मागे नेणाऱ्या लांब दांड्याचे क्रॉस (त्याचे सांधे) बदलले, मग गिअरबॉक्स उतरवला. पैसे गेले, आवाज तसाच. शेवटी एका वयस्कर मिस्त्रींनी गाडी न चालवताच विचारलं, "दादा, मागच्या गोळ्याचं ऑइल कधी बघितलं होतं?" कुणीच बघितलं नव्हतं.

खळ्यातले बैल आणि वळणारी गाडी

ज्यांनी खळ्यावरची मळणी पाहिली आहे त्यांना हे पटकन कळेल. तिवड्याला, म्हणजे खळ्याच्या मधोमध रोवलेल्या खांबाला बैलांची पात लावलेली असते. तिवड्याजवळचा बैल जवळपास जागच्या जागी पावलं टाकतो, आणि कडेच्या बैलाला मात्र भराभर चालावं लागतं. फेरा दोघांचा एकच, पण अंतर वेगळं.

गाडी वळते तेव्हा चाकांचं हेच होतं. दोन चाकांमध्ये दीड मीटर अंतर धरा. गाडीने अर्धा फेरा मारून तोंड उलटं केलं की बाहेरचं चाक आतल्या चाकापेक्षा सुमारे 4.7 मीटर जास्त चाललेलं असतं. वळण मोठं असो की लहान, फरक तेवढाच. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट बसवली असती तर एकाला रस्त्यावर फरपटत जावं लागलं असतं.

बैलगाडीला ही अडचण येत नाही, कारण तिची चाकं आसावर सुटी फिरतात आणि ओढण्याचं काम बैल करतात. मोटारीत चाकांनाच ताकद द्यायची असते, तीही दोघांना आपापल्या वेगाने फिरू देऊन. फ्रान्समधल्या ओनेसिफोर पेकर याने 1820 च्या दशकाच्या अखेरीस वाफेच्या गाडीसाठी यावर दातेरी चाकांचा तोडगा काढला. आज गाडीखाली जे असतं त्यात मूळ कल्पना तीच आहे.

गोळ्याच्या आत काय आहे

इंजिनाकडून येणारा लांब दांडा म्हणजे प्रोपेलर शाफ्ट. त्याच्या टोकाला एक छोटं दातेरी चाक असतं, ते पिनियन. ते एका मोठ्या दातेरी ताटाला फिरवतं, ते क्राउन. क्राउनला एक पिंजरा बोल्टने जोडलेला असतो. पिंजऱ्यात आडव्या पिनवर दोन किंवा चार छोटी दातेरी चाकं असतात, त्यांना गॅरेजात स्टार पिनियन म्हणतात. त्यांच्या दोन्ही बाजूंना सन गिअर, आणि प्रत्येक सन गिअरमधून एक एक्सल निघून चाकाकडे जातो. एवढीच मंडळी.

आता विहिरीवरचा रहाट डोळ्यांसमोर आणा. चाकावरून दोर टाकलाय, दोन टोकं दोन माणसांच्या हातात. रहाटच वर उचलला तर दोघांच्या हातांना सारखाच ओढा बसतो. एकाने थोडा दोर सोडला आणि दुसऱ्याने घेतला तरी ताण सारखाच राहतो. डिफरन्शियल असंच चालतं. वेग कमी-जास्त होऊ देतं, पण जोर दोन्हीकडे समान वाटतं.

आणि एकाने दोर सोडूनच दिला तर? दुसऱ्याच्या हातातही ताण उरत नाही, दोर सरसर निघून जातो. चिखलातलं चाक म्हणजे दोर सोडून दिलेला माणूस. ते फुकट फिरायला लागतं आणि कोरड्यावरच्या चाकालाही तेवढाच, म्हणजे जवळजवळ शून्य जोर मिळतो. फोर-बाय-फोरमध्ये पुढे एक आणि मागे एक असे दोन गोळे असतात, आणि दोन्हीकडे हेच घडतं. व्हिडिओतल्या त्या दोन ढिम्म चाकांचं उत्तर एवढंच आहे.

गाडी बिघडायला सुरुवातही बरेचदा त्याच क्षणी होते. एक चाक थांबलेलं असताना दुसरं दुप्पट वेगाने फिरतं. काट्यावर 40 दिसत असतील तर चिखलातलं चाक 80 च्या वेगाने फिरत असतं. स्टार पिनियन वळणावर थोडंसं हलण्यासाठी असतात. त्यांना आडव्या पिनवर असं भन्नाट फिरवलं की तिथलं ऑइल उडून जातं, पिन करपते, वॉशर झिजतात. मग फिरणाऱ्या चाकाखाली अचानक दगड येतो, ते झटक्यात थांबतं, आणि तो सगळा दणका दातांवर बसतो. चिखलात रेस वाढवू नका असं जुने चालक पोटतिडकीने सांगतात ते यासाठी.

डांबरी रस्त्यावर फोर-बाय-फोर का लावायचं नाही

वळताना आतल्या-बाहेरच्या चाकांत फरक पडतो तसा पुढच्या आणि मागच्या चाकांतही पडतो. काही गाड्यांत त्यासाठी मध्ये तिसरं डिफरन्शियल असतं. आपल्याकडच्या बहुतेक फोर-बाय-फोर गाड्यांत ते नसतं. लिव्हर ओढला की ट्रान्सफर केस, म्हणजे ताकद पुढे-मागे वाटणारी पेटी, दोन्ही प्रोपेलर शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधून टाकते. चिखलात, वाळूत चाकं थोडी घसरतात आणि हिशेब मिटतो. कोरड्या डांबरावर घसरायला वाव नसतो. मग पीळ भरत जातो, स्टिअरिंग जड होतं, वळताना गाडी अडखळते, आणि ओलं कापड पिळावं तसे शाफ्ट, क्राउन-पिनियन, बेअरिंग सगळे ताणले जातात. "पावसात ग्रीप मिळते" म्हणून पुण्याहून महाडपर्यंत पक्क्या रस्त्यावर फोर-बाय-फोरमध्ये गेलेली माणसं मी पाहिली आहेत. गाडी तक्रार करत असते, ती ओळखायला शिका.

आवाज ऐकून रोग कसा ओळखायचा

काही उघडण्याआधी रिकामा, सरळ रस्ता शोधा, रेडिओ बंद करा आणि शेजारी कुणाला तरी बसवा. दोघांचे कान लागतात.

ॲक्सिलरेटर दाबला की रडतं आणि पाय काढला की गप्प होतं, तर क्राउन-पिनियनच्या दातांकडे संशय न्या. उलट पाय काढल्यावर, उतारावर इंजिनाने गाडी धरली की घरघर वाढते, तर बरेचदा पिनियनचं बेअरिंग सैल झालेलं असतं. दाबा वा सोडा, घुंघुं तशीच आणि फक्त वेगाबरोबर वाढते, तर कुठलं तरी बेअरिंग. यात पिनियनच्या बेअरिंगचा सूर बारीक असतो. सव्वादोन मीटरच्या आसपास घेर असलेलं चाक ताशी 60 च्या वेगाने मिनिटाला साडेचारशे फेरे घेतं, तर पिनियन त्याच्या चार-पाच पट, म्हणजे दोन हजारांच्या आसपास. पिंजऱ्याच्या दोन बाजूंची बेअरिंग चाकाच्या गतीने फिरतात, त्यांचा आवाज जाड.

सरळ जाताना शांत आणि वळताना कटकट असेल तर स्टार पिनियन आणि त्यांचे वॉशर बघा. पण कटकट पुढून येत असेल तर आधी पुढच्या एक्सलचे जॉइंट तपासा, तो आजार जास्त आढळतो. गाडी हळूच डावी-उजवी डोलवली की आवाज कमी-जास्त होतो? मग डिफरन्शियलला हात लावू नका, ते चाकाचं बेअरिंग आहे. रिव्हर्समधून पहिल्यात टाकताना एकच 'ठक' येत असेल तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस हाताने हलवून बघा. दादाच्या जीपचे क्रॉस बदलले गेले, पण ते आधी कुणी हलवूनच पाहिले नव्हते.

ठरावीक लयीत टक-टक येत असेल तर मोजा. चाकाच्या एका फेऱ्याला एकच टक म्हणजे क्राउनचा दात उडालाय. चार-पाच टक म्हणजे पिनियनचा.

पुढच्या गोळ्याचं निदान थोडं अवघड. ज्या गाड्यांत टू-व्हीलवर, म्हणजे फक्त मागच्या चाकांना ताकद जात असताना पुढची चाकं आतल्या यंत्रणेपासून सुटी होतात, तिथे पुढच्या डिफचा आवाज फोर-बाय-फोर लावल्यावरच येतो. ही चाचणी मातीच्या रस्त्यावर करा.

ऑइल खोटं बोलत नाही

त्या दिवशी मिस्त्रींनी आधी वरचा, म्हणजे ऑइल भरायचा बोल्ट सोडवला. कारण साधं आहे: खालचा आधी उघडून सगळं ऑइल सांडलं आणि वरचा गंजून बसलेला निघालाच नाही, तर गाडी तिथेच अडकते. मग खालचा बोल्ट काढला. बाहेर आलं ते ऑइल वाटतच नव्हतं. दूध जास्त झालेल्या चहाच्या रंगाचं, पांढुरकं, घट्ट. पाणी मिसळलं होतं.

पाणी शिरतं कसं? धावून धावून गोळा तापतो, आतली हवा फुगते. ती जावी म्हणून वर एक बारीक तोंड असतं, त्याला ब्रीदर म्हणतात. तापलेला गोळा थेट ओढ्याच्या गार पाण्यात गेला की आतली हवा झटकन आकसते आणि बाहेरचं ओढून घेते. ब्रीदर पाण्याखाली असेल तर त्यातून, चिखलाने बुजला असेल तर ऑइल सीलच्या ओठातून पाणी आत येतं. दादाच्या गाडीचा ब्रीदर मातीने असा भरला होता की तार घालून मोकळा करावा लागला. बुजलेल्या ब्रीदरचा दुसरा त्रासही आहे. आत दाब साचतो आणि सीलमधून ऑइल झिरपतं. मग लोक सीलवर सील बदलत राहतात.

खालच्या बोल्टला बरेचदा लोहचुंबक असतं. त्यावर काळी-राखाडी बारीक पेस्ट दिसली तर घाबरू नका, तेवढी झीज प्रत्येक गाडीत होते. बोटांत चोळा. कण टोचले, चकत्या किंवा दाताचा तुकडा मिळाला, तर गाडी तिथेच थांबवा. आमच्या बोल्टवर तांदळाच्या कणीएवढे चकचकीत तुकडे होते. बेअरिंगचं पोलाद सोललं जात होतं.

उघडल्यावर: खरं काम मोजण्याचं

माझं ठाम मत आहे की डिफरन्शियलची दुरुस्ती म्हणजे मोजमाप. सुटे भाग बदलणं हा त्यातला सोपा भाग. कुठल्या मिस्त्रीकडे काम द्यायचं हे ठरवताना एकच विचारा: "डायल गेज, म्हणजे बारीक मोकळीक मोजायचं काट्याचं उपकरण, आहे का?" नुसत्या अंदाजावर बसवलेलं क्राउन-पिनियन काही महिन्यांत पुन्हा रडायला लागतं.

क्राउन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीने तयार होतात, आणि बरेचदा दोघांवर जोडीचा एकच नंबर कोरलेला असतो. एक खराब झालं तरी दोन्ही बदलायचे. पिंजऱ्याच्या बेअरिंगवरच्या कॅपही डाव्या-उजव्या ठरलेल्या असतात. खोलण्याआधी पंचने खुणा केल्या नाहीत आणि अदलाबदल झाली तर बेअरिंग सरळ बसतच नाही.

बसवताना तीन गोष्टी जमवाव्या लागतात. पिनियन किती खोल बसलंय, ते कागदासारख्या पातळ पत्र्यांनी, म्हणजे शिमने ठरतं. पिनियनच्या बेअरिंगवर थोडा दाब हवा, म्हणजे ते हाताने फिरवताना किंचित जड लागलं पाहिजे, पण अडकता कामा नये. काही गाड्यांत हा दाब एक नळी चेपवून साधतात. ती एकदा चेपली की पुन्हा वापरायची नाही, नवीच घालायची. आणि तिसरं, दातांमधली मोकळीक, बॅकलॅश. बऱ्याच गाड्यांत ती 0.13 ते 0.20 मिमी असते, म्हणजे वहीच्या एक-दोन कागदांएवढी. कमी ठेवली तर तापल्यावर दात घट्ट होतात, जास्त ठेवली तर ठोकतात. नेमका आकडा आपल्या गाडीच्या पुस्तिकेतलाच घ्या.

मग सगळ्यात देखणी पायरी. मिस्त्रींनी क्राउनच्या काही दातांना ब्रशने पिवळी पेस्ट लावली, क्राउनला लाकडाचा ठोकळा टेकवून अटकाव धरला आणि पिनियन पुढे-मागे फिरवलं. पेस्टमध्ये दातावर दात टेकल्याचा ठसा उमटला. पहिल्यांदा तो दाताच्या मुळाकडे सरकलेला होता, म्हणजे पिनियन जास्त आत. एक शिम कमी केली, पुन्हा जुळवलं, पुन्हा पेस्ट. तिसऱ्या वेळी ठसा दाताच्या मध्यावर, लांबट, छान आला. या कामात दुपार गेली. ही दुपार वाचवणाऱ्या गॅरेजात गाडी देऊ नका.

आणखी एक. फुटलेल्या लोखंडाचा चुरा गोळ्यापुरता राहत नाही, एक्सलच्या नळ्यांतही जातो. त्या आतून पुसून काढल्या नाहीत तर तोच चुरा नव्या बेअरिंगमध्ये शिरतो.

पुढचा-मागचा रेशो जुळला पाहिजे

वेगळ्या रेशोचा गोळा बसवण्याची चूक दोनच चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत खपते, फोर-बाय-फोरमध्ये जीवघेणी ठरते. क्राउनच्या दातांना पिनियनच्या दातांनी भागलं की रेशो मिळतो. युद्धकाळातल्या विलीज जीपचा रेशो 39 भागिले 8, म्हणजे 4.88 होता. नंतरच्या नागरी विलीज जीपमध्ये 43 भागिले 8, म्हणजे 5.38 आला. जुन्या जीपांच्या भागांत दोन्ही सापडतात, आणि बाहेरून गोळे सारखेच दिसतात. मागे एक आणि पुढे दुसरा बसला, तर दर 100 मीटरला दोन्ही एक्सलच्या हिशेबात सुमारे 10 मीटरचा फरक पडतो. फोर-बाय-फोर लावताच काहीतरी मोडणारच.

तपासणी घरीही होते. गाडी सपाटीवर न्यूट्रलमध्ये ठेवा, बाकीच्या चाकांना दगड लावा, मागचं एकच चाक जॅकने उचला आणि खाली पक्का आधार द्या. उचललेलं चाक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा आणि प्रोपेलर शाफ्टचे फेरे मोजा. दुसरं चाक जमिनीवर अडलेलं असल्याने चाकाचे दोन फेरे म्हणजे क्राउनचा एक. शाफ्टचे जेवढे फेरे, तो रेशो. पुढेही तसंच करा. चारही टायर एकाच मापाचे ठेवण्याचं कारणही हेच.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*जाड ऑइल घातलं की आवाज जातो म्हणतात, खरं का?* आवाज दबतो. सोललेलं बेअरिंग काही भरून येत नाही. जुनी गाडी विकताना डिफमध्ये लाकडाचा भुसा घालण्याची युक्तीही फार जुनी आहे, म्हणून वापरलेली फोर-बाय-फोर घेताना ऑइलचा बोल्ट उघडून बोट घालून बघायला लाजू नका. क्राउन-पिनियनचे दात एकमेकांवर घासत सरकतात, त्यांना जबर दाब सोसणारं ऑइल लागतं. डब्यावर जीएल-5 असं लिहिलेलं असतं, आणि 80डब्ल्यू-90 ही सर्रास मिळणारी जाडी. हेच ऑइल डोळे झाकून गिअरबॉक्समध्ये ओतू नका, तिथल्या पितळी भागांना ते बाधू शकतं.

*भंगार बाजारातून अख्खा गोळा आणला तर?* जुन्या जीपसाठी हा वाईट मार्ग नाही, आणि खिशाला परवडतो. पण आधी दात मोजून घ्या, पिनियन हाताने फिरवून बघा, आणि बसवण्याआधी बेअरिंग आणि सील नवी घाला.

*लॉकर असेल तर हे सगळं टळेल?* लॉकर दोन्ही एक्सल एकमेकांना बांधतो, दोराचं सुटलेलं टोक धरून ठेवतो. फोर्सच्या गुरखा गाडीला पुढे-मागे दोन्हीकडे तो मिळतो, थारच्या काही मॉडेलांत मागे असतो. जिम्नी फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून तोच परिणाम साधते. रुतण्यातून सुटका नक्की होते. पण ऑइल, ब्रीदर, बेअरिंग यांची निगा काही चुकत नाही. आणि स्टार पिनियन वेल्डिंग करून कायमचे जखडण्याचा सल्ला कुणी दिला तर रस्त्यावरच्या गाडीसाठी तो साफ नाकारा. घाटातल्या वळणावर गाडी सरळ रेटली जाते.

*आवाज येत असताना घरापर्यंत जाता येईल?* बारीक घुंघुं असेल आणि ऑइल असेल तर हळू जा. ठोकत असेल तर नको. पिनियन अडकलं की धावती मागची चाकं जाम होऊ शकतात. रानात अडकलात आणि मागचा गोळा गेला असेल, तर बऱ्याच गाड्यांत मागचा प्रोपेलर शाफ्ट सोडवून, फोर-बाय-फोर लावून, फक्त पुढच्या चाकांवर हळूहळू बाहेर पडता येतं. मात्र मागची चाकं मोकळी फिरतात का हे आधी बघा. जुन्या जीपचा हँडब्रेक ट्रान्सफर केसच्या मागच्या बाजूला, त्याच शाफ्टवर असतो. शाफ्ट काढला की मागच्या चाकांवरची त्याची पकडही गेली. म्हणून आधी चाकाला दगड, मग पाना.

दुरुस्तीनंतर

नव्या जोडीला पहिल्याच दिवशी घाटात ओझं ओढायला लावू नका. पंधरा-वीस मिनिटं चालवा, थंड होऊ द्या, पुन्हा चालवा. पहिले पाचशे किलोमीटर अवजड माल आणि जोराची रेस टाळा, मग ऑइल बदला. नंतर पुस्तिकेप्रमाणे. पण गाडी एक्सल बुडेपर्यंत पाण्यात गेली असेल तर पुस्तिकेची वाट न बघता त्याच आठवड्यात ऑइल बघा.

दादाच्या जीपच्या ब्रीदरला मिस्त्रींनी रबरी नळी जोडली आणि चेसिसवरून वर, इंजिनाच्या बाजूला नेऊन बांधली. दिवाळीनंतर आम्ही दोघांनीच अंगणात खालचा बोल्ट उघडला. ऑइल मधाच्या रंगाचं, चुंबकावर राखाडी पेस्टचा पातळ थर. दादाने ती अंगठ्यावर घेऊन बराच वेळ चोळली. टोचलं काही नाही. मग वरच्या भोकातून ऑइलची धार बाहेर ओघळेपर्यंत नवं ऑइल भरलं आणि बोल्ट आवळला.